नर्सबाईंनी सांगायचं होतं

पारनेरच्या दवाखान्यातल्या नर्सबाई नोकरी सोडून का गेल्या, असं कुणी विचारलं की मी आजवर "फार जुनी गोष्ट आहे" एवढंच म्हणत आलो. माझ्या बायकोनं विचारलं तेव्हाही तेच म्हणालो. गावातली मुलं मध्यंतरी घरी आली होती. "तुम्ही तिथले जुने कंपौंडर, दवाखान्याच्या आठवणी लिहून द्या," म्हणाली. मी डॉक्टरांवर लिहून दिलं, महामारीच्या वर्षावर लिहून दिलं, आवारातल्या खाऱ्या विहिरीवरसुद्धा लिहून दिलं. नर्सबाईंना तेवढं वगळलं. ते वगळणं मला रोज दिसतं. आता हे वाचून ज्याला वाईट वाटावं असं त्या वेळचं माझ्याखेरीज कुणी उरलेलं नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

त्यांचं खरं नाव सांगितलं तरी पारनेरात कुणाला ओळख पटणार नाही. गावात सगळे त्यांना नर्सबाई म्हणत आणि वाड्यावस्त्यांवर कात्रीवाल्या बाई. ती कात्री पुण्याला सुईणकीचं शिक्षण घेत असताना त्यांना मिळाली होती. लहानशी, टोकं बोथट केलेली. ती धुतल्या फडक्यात, फडकं पत्र्याच्या चपट्या डबीत आणि डबी खांद्यावरच्या पिशवीत. बाजाराला निघाल्या तरी पिशवी बरोबर. त्या कात्रीनं त्यांनी कधी दोरा तोडला नाही की जखमेची पट्टी कापली नाही. मामलेदारांच्या पत्नी एकदा चोळीचा खण बेतायला कात्री मागू लागल्या, तेव्हा नर्सबाई हसत म्हणाल्या, "वहिनी, हिला फक्त नाळ कापायची माहीत आहे. कापडाची चटक लागली तर माझ्या कामातून जाईल." मामलेदारीणबाई रागावल्या. नर्सबाईंनी दुसऱ्या दिवशी शिंप्याकडून दुसरी कात्री आणून त्यांच्या घरी पोचती केली, पण स्वतःची दिली नाही.

त्या कात्रीला हात लावायची मुभा एकाच माणसाला होती. ती म्हणजे दवाखान्यातली आया साकू. रुंद हाडाची, मोठ्या आवाजाची, पारनेरचीच. प्रत्येक बाळंतपणाआधी आणि नंतर कात्री उकळायचं काम तिचं. मागच्या पडवीत तिची चूल होती. पाणी खळखळलं की ती तिथूनच ओरडायची, "बाई, तुमची लेक न्हाली!" कात्रीला ती बाईंची लेक म्हणायची. नर्सबाईंना तोवर मूल नव्हतं, म्हणून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते बरं वाटलं नाही. पण बाई आतून उत्तर द्यायच्या, "पुसून दे गं नीट, सर्दी होईल तिला."

दवाखाना एका धर्मादाय संस्थेचा होता. तिची कमिटी नगरला बसे. मी तिथं लागलो तेव्हा एकवीस वर्षांचा होतो, मिश्रणं घोटायची आणि बाटल्यांना कागदी खुणा चिकटवायच्या हे माझं काम. नर्सबाई माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठ्या असतील. माहेर संगमनेरचं, शेतकरी घरातलं. यजमान मोटारड्रायव्हर. लढाई सुरू झाली तशी त्यांनी नगरच्या कॅम्पात नाव घातलं आणि लष्कराची मोटार हाकायला समुद्रापार गेले. बाईंच्या खोलीत त्यांचा खाकी कपड्यातला फोटो होता. "आमचे साहेब," असं त्या त्याची ओळख करून द्यायच्या, आणि पुढं म्हणायच्या, "घरी असताना मला कधी मोटारीत बसवलं नाही. आता गोऱ्यांना फिरवतायत." सासरच्यांना त्यांचं हे काम पसंत नव्हतं, रात्रीअपरात्री परक्याच्या घरी जाणारी सून त्यांना नको होती. माहेरी भावाचा संसार. दवाखान्याच्या आवारातली ती एक खोली, तेवढंच त्यांचं घर.

काम चालू असताना त्या बसत नसत. चहासुद्धा उभ्याउभ्या बशीतून पीत. "एकदा बसलं की उठवत नाही," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आणि दारात पोटुशी बाई दिसली की नाव-गाव विचारायच्या आत त्यांचा पहिला प्रश्न यायचा, "कितवा?"

"सातवा लागलाय जी," सोबतची सासू सांगायची.

"आणि सहा महिने कुठं होता? जत्रेला गेला होता?"

"आता बाई, आधीपास्नं बोभाटा कशाला करायचा? दिष्ट लागती."

"बोभाटा गावात नका करू. माझ्या कानात सांगा. माझी दृष्ट लागत नाही, पुण्याला तपासून दिलीय."

बायका हसायच्या, आणि पुढच्या खेपेला लवकर यायच्या. लवकर सांगा, हे त्या तालुक्यातल्या प्रत्येक बाईला सांगत फिरल्या. म्हणूनच पुढं जे झालं ते मला अजून विचित्र वाटतं.

डॉक्टरांबद्दल थोडं सांगायला हवं. वयस्कर, विधुर, तपकीर ओढणारे गृहस्थ. आवाज कधी चढवत नसत. मी नवा असताना माझ्या हातून टिंक्चरची मोठी बरणी फुटली. लढाईमुळे औषध मिळायची मारामार होती. पण जाऊन सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "तुझं तू येऊन सांगितलंस. जा, काचा गोळा कर, हात कापून घेऊ नकोस. हेच मला दुसऱ्याकडून कळलं असतं, तर तुला घरी पाठवला असता." ते तसेच होते. ज्याचं त्यानं सांगावं, एवढा एकच कायदा ते मानत.

श्रावणातली दुपार होती. रोगी नव्हते. मी, साकू आणि नर्सबाई ओसरीवर जुन्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळत होतो. बोलता बोलता नर्सबाई भिंतीला टेकल्या आणि हळूच खाली बसल्या. साकूचा हात थांबला. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे.

"बाई," ती हलकेच म्हणाली, "कितवा?"

नर्सबाईंनी हातातली पट्टी शेवटपर्यंत गुंडाळली, टोक आत खोचलं. "तिसरा सरेल आता," म्हणाल्या.

यजमान बोटीवर चढण्याआधी रजेवर येऊन गेले होते, ते मला आठवलं. मी लाजून उठायला लागलो.

"बसा कंपौंडर. तुमच्या कानावर गेलंच आहे, आता पळून काय करता?"

मग त्या आपणहून बोलल्या. आधी त्या दुसऱ्या एका गावी नोकरीला होत्या. तिथंही दिवस राहिले होते. तेव्हा त्यांनी तिसऱ्याच महिन्यात जाऊन वरिष्ठांना सांगितलं, कारण जगाला तेच शिकवत होत्या. हंगामी नर्सला बाळंतपणाची रजा नसते, जागा सोडावी लागते, असं उत्तर मिळालं. सामान बांधून बैलगाडीनं माहेरी निघाल्या आणि पोचल्यावर आठवड्याच्या आत ते मूल गेलं. "नोकरी आधी गेली, मूल मागनं गेलं," त्या म्हणाल्या. "सांगायची घाई केली नसती तर निदान एक काहीतरी राहिलं असतं."

इथंही त्या हंगामीच होत्या. दसरा झाला की कमिटीची बैठक होती, तीत त्यांना कायम करायचं ठरलं होतं. कायम झालेल्या बाईला रजा मिळे, खोली राही, बाळंत होऊन परत कामावर येता येई. दसऱ्यापर्यंत पोट लुगड्याच्या ओच्यात झाकणार होतं. प्रश्न एवढाच होता की डॉक्टरांना कधी सांगायचं.

"कायमचं हुकूमपत्र हातात पडल्याबिगर तोंड उघडू नका," साकू म्हणाली. "लई साधं हाय. न्हाई सांगितलं म्हंजी खोटं बोललं असं हुत न्हाई."

"तुम्ही काय म्हणता, कंपौंडर?"

मी म्हणालो, "डॉक्टर चांगले आहेत. पण त्यांना कळलं की कमिटीला कळवावं लागेल त्यांना."

"तेच तर." बाईंनी पुढची पट्टी घेतली. "चांगल्या माणसाला सांगणंच अवघड असतं. वाईट माणूस असता तर मी सरळ थाप मारली असती." थोड्या वेळानं म्हणाल्या, "दसऱ्यापर्यंत थांबते. पण सांगेन मीच. दुसऱ्या कुणाकडून त्यांच्या कानावर गेलं, तर मी पकडले गेले असं होईल. तुम्ही दोघं सोडून कुणाला माहीत नाही."

साकूनं गळ्याची शपथ घेतली. मी नुसती मान हलवली. मला शपथ घालावी असं त्यांना वाटलंच नाही.

आता माझ्या घरचं सांगतो. सबब म्हणून सांगत नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझी धाकटी बहीण बनी जन्मली ती वरचा ओठ दुभंगलेला घेऊन. आई तिच्या वेळी गरोदर असताना ग्रहण लागलं होतं. घरात पाहुणे होते, आणि आईनं ग्रहणात दोडका चिरला. बनी झाली तेव्हा सुईणीनं आईला पहिला प्रश्न विचारला तो हाच, ग्रहणात काही चिरलं होतंस का? आईनं पुढं जन्मभर दोडका घरात आणू दिला नाही. बनी चारचौघांत आली की पदर तोंडाशी धरायची, आणि आई तिच्याकडे न बघता आपल्या हातांकडे बघायची. मी औषधं घोटत होतो, डॉक्टरांची पुस्तकं चाळत होतो, तरी आईचे ते हात माझ्या डोक्यातून गेले नव्हते. ग्रहणात पोटुशा बाईनं काही चिरू नये, कापू नये, सुई हातात धरू नये, एका जागी बसून राहावं, हे मला माझ्या नावासारखं पाठ होतं.

पितृपंधरवड्याच्या अमावास्येला त्या साली सूर्यग्रहण आलं. सकाळचंच, खंडग्रास. आदल्या दिवशी शनिवारी तिन्हीसांजेला आई पाण्याच्या भांड्यांवर, लोणच्याच्या बरण्यांवर दर्भाच्या काड्या ठेवत होती. बनी तिच्यामागून दिवा घेऊन फिरत होती. "गल्लीतल्या दोघी पोटुशा आहेत, त्यांना सांगून ये गं," आई तिला म्हणाली, "उद्या ग्रहण सुटेपर्यंत विळीला शिवू नका म्हणावं." बनीनं दिवा खाली ठेवला, पदर तोंडाशी घेतला आणि ती बाहेर पडली.

मला नर्सबाईंची कात्री दिसू लागली. आधीच एक मूल गेलेलं. उद्या कुठून बोलावणं आलं की त्या निघणार आणि भर ग्रहणात नाळ कापणार. त्यांना जाऊन सांगावं, तर त्या हसतील हे मला ठाऊक होतं. मी चपला घातल्या आणि डॉक्टरांच्या घरी गेलो.

ते झोपाळ्यावर बसले होते. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "साहेब, उद्या नर्सबाईंना सुटी द्यावी."

"त्यांनी मागितली?"

"नाही."

"मग तू कशाला मागतोस?"

"उद्या ग्रहण आहे."

"ग्रहण सगळ्यांनाच आहे. तुला हवीय का सुटी? आंघोळी-बिंघोळी करायच्या असतील तर घे."

"मला नको. पण बाईंनी उद्या कात्री धरू नये."

तपकिरीची चिमूट नाकाजवळ नेता नेता त्यांचा हात थांबला. ग्रहणात कुठल्या बाईनं कात्री धरायची नसते हे त्या घरच्या झोपाळ्यालासुद्धा माहीत होतं. त्यांनी चिमूट परत डबीत झाडली, झाकण लावलं. "असं," म्हणाले. "बरं. जा तू."

मी ते काही बोललो नाही, डॉक्टरांनी आपल्या मनानं ओळखलं, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला समजावत राहिलो. शब्द माझ्या तोंडून गेला नाही हे खरं आहे. त्या खरेपणाचा मला काडीचा उपयोग झाला नाही.

रविवारी सकाळी डॉक्टरांनी निरोप पाठवला की नर्सबाईंनी आज विश्रांती घ्यावी. त्यांना नवल वाटलं असेल. पण त्याच वेळी जवळच्या वस्तीवरून गाडी आली, पोरगी अडली होती. ग्रहण लागलं होतं, उन्हाला पितळेसारखा रंग आला होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आई दारातून म्हणाली, "अरे, ही बाई आत्ता कुठं निघाली?" मी तसाच पळत गेलो. साकू गाडीत बसली होती, मांडीवर पातेलं घेऊन. बाई चढत होत्या.

"बाई, आज जाऊ नका. ग्रहण सुटू द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मनात काय आहे ते त्यांना कळलं, आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. "कंपौंडर," त्या म्हणाल्या, "त्या पोराला जाऊन सांगता का, बाबा, ग्रहण सुटेपर्यंत दम धर म्हणून? तुमचं ऐकलं तर मी थांबते. चला, बसा गाडीत, पिशवी धरा."

मी बसलो. वस्तीवर ओसरीत पाठ करून बसून राहिलो. आत त्या पोरीचा आवाज, बाईंचा शांत आवाज, मग साकूचं ओरडणं, "बाई, लेक न्हाली!" आणि बऱ्याच वेळानं मुलाचं रडणं. त्या घरची म्हातारी बाहेर येऊन म्हणाली, "समदं धड हाय. व्हट, बोटं, समदं." त्या वेळी ऊन परत पांढरं होत होतं.

परतताना बाईंनी पिशवी माझ्याकडे दिली. गाव दिसायला लागलं तेव्हा म्हणाल्या, "साकू, आज कात्री हातात घेतली आणि क्षणभर हात थबकला. ग्रहणाच्या भीतीनं नव्हे. ती पोरगी मला विचारत होती, बाई, तुमाला किती लेकरं? आणि मला उत्तर देता येईना. मला माझंच लपवायची सवय लागलीय. उद्या घट बसतायत. चांगला दिवस आहे. डॉक्टरांना उद्याच सांगते, दसऱ्याची वाट नाही बघत. ते नोकरी तोडतील तर तोडतील, पण मला वाटतं नाही तोडणार."

साकू म्हणाली, "सांगा बाई. व्हईल ते व्हईल."

मी पिशवी मांडीवर धरून बसलो होतो. तेव्हा बोलता आलं असतं. गाडीत तिघंच होतो, चौथा गाडीवान, तोही ओळखीचा नव्हता. "बाई, आजच जा, आत्ता जा," एवढं म्हणालो असतो तरी पुष्कळ होतं. मी काही बोललो नाही.

त्याच दुपारी संस्थेचे चिटणीस नगरहून मोटारीनं आले होते. बैठकीआधी त्यांना दवाखान्यातल्या माणसांची माहिती हवी होती. ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

सोमवारी नर्सबाई धुवट, कडक इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसून आल्या. केसात शेवंतीचं एक फूल होतं. साकूनं त्यांच्या पदराला आपला हात पुसल्यासारखं करून दृष्ट काढली. त्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. माझी औषधाची खोली आणि डॉक्टरांची खोली यांच्यामध्ये एक खिडकी होती. बाटल्या द्यायला ती नेहमी उघडी असे.

"साहेब, मला तुम्हाला एक सांगायचं आहे."

"मला माहीत आहे, बाई."

"कधीपासून?"

"शनिवारपासून."

"कुणी सांगितलं?"

"ते मी सांगणार नाही. मला वाटलं होतं, काल तुम्ही याल."

"काल मी बाळंतपणाला गेले होते."

"हो, तेही कळलं. काल चिटणीस आले. या बाईंविषयी सांगण्यासारखं काही आहे का, असं त्यांनी सरळ विचारलं. मला खोटं बोलता आलं नाही." डॉक्टरांचा आवाज थकलेला होता. "शनिवारी दुपारी तुम्ही स्वतः सांगितलं असतं तर मी तुमच्या बाजूनं भांडलो असतो. आता ते म्हणणार, लपवलं, आणि कळल्यावर कबुलीला आल्या."

"मी कळल्यावर नाही आले, साहेब. तुम्हाला कळलंय हे मला आत्ता कळतंय."

"मी मानतो," डॉक्टर म्हणाले. "ते मानणार नाहीत."

नर्सबाई बाहेर आल्या. पडवीत साकू हसऱ्या चेहऱ्यानं उभी होती, काय झालं ते ऐकायला. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग खिडकीतून माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा तिच्याकडे. माझ्यावर त्यांची नजर क्षणभरही ठरली नाही. कंपौंडर शिकलेला, घरंदाज, अबोल, तो कशाला सांगेल? साकूचा आवाज मात्र सगळ्या गावानं ऐकलेला होता.

त्या साकूला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. चिटणिसांनी जागा सोडायला सांगितली, महिनाअखेरपर्यंत तेवढं त्यांना काम करायचं होतं. त्यानंतर जे पहिलं बाळंतपण आलं, त्या वेळी साकूनं नेहमीसारखा हात पुढं केला, आणि नर्सबाई डबी घेऊन स्वतः चुलीपाशी गेल्या. पाणी खळखळेपर्यंत तिथं उभ्या राहिल्या. कात्री स्वतः काढली, स्वतः पुसली. साकू पातेल्याजवळ उभी होती. त्या दिवशी पडवीतून आवाज आला नाही, आणि पुढंही कधी आला नाही.

संध्याकाळी साकू माझ्या खिडकीशी आली. हळू आवाजात बोलणारी साकू मी पहिल्यांदा ऐकली.

"कंपौंडर, म्या न्हाई सांगितलं."

मी बाटली धूत राहिलो.

"आपुन दोघंच हुतो. तुमी बाईस्नी सांगा की. माझं न्हाई त्या ऐकणार, तुमचं ऐकतील."

"असेल कुणीतरी ओळखलं," मी म्हणालो. "बायकांच्या लक्षात येतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं असावं. पण तिनं ते कुणाला सांगितलं नाही, अगदी मरेपर्यंत. चुगलखोर म्हणून गावानं तिला ओळखलं, पाणवठ्यावर बायका ती आली की गप्प होत. ती पुढं कितीतरी वर्षं माझ्यासमोर त्याच पडवीत काम करत राहिली. मला रोज "कंपौंडर, च्या ठिवलाय" म्हणायची.

नर्सबाई गेल्या तेव्हा उतारूंच्या सर्व्हिस मोटारीपर्यंत त्यांची ट्रंक मी नेली. साकू पिंपळाच्या पलीकडे उभी राहिली, जवळ आली नाही. बाई मोटारीत बसल्या, पिशवी पोटाशी धरली. "कंपौंडर, तुमचे फार उपकार झाले," त्या म्हणाल्या. "ग्रहणाच्या दिवशी तुम्ही धावत आलात ते मी विसरणार नाही." मोटार सुटली. मी हात हलवला.

त्यानंतर मी त्यांना एकदाच भेटलो, वीसएक वर्षांनी. संगमनेरला एका लग्नाला गेलो होतो, पत्ता विचारत त्यांच्या घरी पोचलो. यजमान लढाईतून सुखरूप आले होते, स्वतःची मोटार चालवत होते. बाई घरोघरी बाळंतपणं करत. तिथंही लोक त्यांना कात्रीवाल्या बाईच म्हणत. दार एका मुलीनं उघडलं. कॉलेजात जाणारी, हसरी. मी पहिल्यांदा तिच्या ओठांकडे पाहिलं. मला स्वतःची शरम वाटली, पण पाहिलं. चांगले, भरलेले ओठ होते. ग्रहणानं तिचं काही केलं नव्हतं.

बाईंनी मला चहा दिला, आणि त्या खाली, माझ्यासमोर बसल्या. केस पिकले होते. पारनेरच्या एकेकाची चौकशी केली. डॉक्टर वारल्याचं ऐकून त्यांनी हात जोडले. मग कपाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाल्या, "आणि साकू?"

"गेली. दोन वर्षं झाली."

"मी तिच्यावर फार राग धरला हो," म्हणाल्या. "तिनं मुद्दाम थोडंच सांगितलं असेल? बोलता बोलता गेलं असेल तोंडातून. मी तिला एकदा विचारायला हवं होतं. कात्रीसुद्धा हाताळू दिली नाही मी तिला." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "तिची मुलगी आहे ना पारनेरात? तिला सांगा, मी तुझ्या आईला कधीच माफ केलंय. सांगाल ना, कंपौंडर?"

आतल्या खोलीत त्यांची मुलगी काहीतरी गुणगुणत होती. माझ्या हातात कप होता. चहा कोमट झाला होता, तो मी संपवला.

"सांगतो," मी म्हणालो.

साकूच्या मुलीला मी काही सांगितलं नाही. काय सांगणार होतो? नर्सबाईही नंतर फार वर्षं राहिल्या नाहीत.

त्या दिवशी संगमनेरच्या स्टँडवर एसटीत बसलो, खिडकीजवळ जागा मिळाली. गाडी सुटली, गाव मागं पडलं, आणि तेव्हा ते वाक्य माझ्या मनात सरळ, पूर्ण उभं राहिलं. बाई, साकूनं नाही, मी सांगितलं, मला क्षमा करा. एवढंच होतं. मी ते ओठातल्या ओठात म्हणून पाहिलं, पुन्हा म्हणून पाहिलं, एकदाही अडलं नाही. आळेफाट्याला गाडी थांबली तेव्हाही मी ते म्हणत होतो. समोर संगमनेरकडे जाणारी गाडी उभी होती, तिच्यात जागा होती. मी बसून राहिलो.